गिअरबॉक्स काढून टाकला तरी टॉर्क उरतोच

प्रश्न असा आला आहे: “मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पवनचक्कीत सगळ्यात जास्त बिघडतो तो गिअरबॉक्स, असं सगळीकडे वाचायला मिळतं. जनरेटर थेट रोटरला जोडून गिअरबॉक्स टाळता येतो, तर सगळेच तसं का करत नाहीत? मोठ्या टर्बाइनला कुठली रचना चांगली? आणि प्रोजेक्टसाठी ३ मेगावॉटच्या डायरेक्ट ड्राइव्ह जनरेटरचं डिझाइन घेऊ का?”

‘सगळ्यात जास्त बिघडतो’ हे बरोबर नाही. सगळ्यात जास्त रडवतो, हे बरोबर. जर्मनीत १९८९ ते २००६ या काळात एका सरकारी कार्यक्रमात दीडेक हजार पवनचक्क्यांचे बिघाड नोंदवले गेले. त्यात संख्येनं पुढे होते ते इलेक्ट्रिकल भाग आणि कंट्रोल सिस्टीम. पण कार्ड किंवा सेन्सर गेला तर दोन माणसं शिडीनं वर जातात आणि संध्याकाळपर्यंत यंत्र फिरायला लागतं. गिअरबॉक्स गेला की क्रेन लागते.

मी या धंद्यात आलो तो साताऱ्याच्या पठारावर, देखभालीच्या कामावर. वनकुसवडे-चाळकेवाडीचा सडा ज्यांनी पावसाळ्यात पाहिलाय त्यांना सांगायला नको. धुकं असं उतरतं की टॉवरच्या पायथ्याशी उभं राहूनही पाती दिसत नाहीत, नुसता त्यांचा आवाज येतो. एका वर्षी मे महिन्यात दोन मेगावॉट वर्गातल्या एका यंत्राच्या तेलाच्या नमुन्यात लोखंडाचं प्रमाण वाढलेलं आलं. फिल्टरमध्ये चकाकणारा कीस सापडला. सीझन तोंडावर होता, ‘चालतंय तोवर चालू दे’ असं वरून ठरलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गिअरबॉक्सच्या प्लॅनेटरी स्टेजचं, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात त्या टप्प्याचं, बेअरिंग फुटलं. त्या चिखलातून मोठी क्रेन वर आणणं शक्य नव्हतं, आणि आणली असती तरी त्या वाऱ्यात बूम उभा करता आला नसता. यंत्र ऑक्टोबरपर्यंत तसंच उभं राहिलं. आपल्याकडे वर्षातली बहुतेक वारावीज मोसमी वाऱ्याच्या चार महिन्यांत होते, म्हणजे मालकाचं ते वर्षच गेलं. त्या पावसाळ्यात मीही तुमच्यासारखाच म्हणायचो, की हा गिअरबॉक्स नसता तर!

पुढे डिझाइनच्या बाजूला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं कागदावर एक हिशेब करायला लावला. तोच तुम्हाला देतो.

९० मीटर व्यासाचा रोटर (पात्यांचं चक्र), ३ मेगावॉट, मिनिटाला १५ फेरे. शक्तीला कोनीय वेगानं भागलं की टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो सुमारे १९ लाख न्यूटन-मीटर. आता जनरेटर कुठल्याही जातीचा असो, त्याच्या फिरत्या आणि स्थिर भागांमधल्या फटीत, म्हणजे एअर गॅपमध्ये, दर चौरस मीटरमागे फिरवणारं बल किती मिळेल याला मर्यादा असते. फार चुंबकत्व भरलं की लोखंड संपृक्त होतं, फार करंट सोडला की तांबं तापतं. हवेनं थंड होणाऱ्या यंत्रासाठी ४० किलोपास्कल धरा. टॉर्क म्हणजे या आकड्याची दुप्पट गुणिले जनरेटरच्या रोटरचं, म्हणजे फिरत्या भागाचं, घनफळ. तर घनफळ लागतं २४ घनमीटर: व्यास ५ मीटर, लांबी १.२ मीटर. तीच शक्ती शंभरपटीच्या गिअरबॉक्समधून १५०० फेऱ्यांवर नेली की जनरेटरच्या वाट्याला शंभरावा हिस्सा टॉर्क येतो आणि घनफळ उरतं ०.२४ घनमीटर. एकीकडे माणूस राहील एवढी खोली, दुसरीकडे डिझेलच्या दोनशे लिटरच्या पिंपापेक्षा थोडं मोठं काहीतरी. गिअरबॉक्स घेतला जातो तो एवढ्यासाठी.

बरं, ती खोली भरीव नसते, मधे पोकळच असते. मग वजन कुठून येतं? ते येतं फटीतून. ५ मीटर व्यासाला एअर गॅप साधारण ५ मिलिमीटरची ठेवतात, व्यासाचा हजारावा भाग. त्या फटीत चुंबकीय क्षेत्र ०.८ टेस्ला असेल तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना दर चौरस मीटरला सुमारे २५ टनांनी ओढतात. फिरवण्याच्या कामी येणारं बल मात्र ४० किलोपास्कल, म्हणजे ४ टनच. वीज देतं ते ४ टन. उरलेली २५ टनांची ओढ नुसती सांभाळायची. रोटर बरोबर मध्यावर असेल तर ही ओढ चारी बाजूंनी सारखी असते आणि एकमेकींना खाऊन टाकते. पण वाऱ्याच्या झोतानं हब, म्हणजे पाती जोडलेला मधला भाग, किंचित कलला, तो पेलणाऱ्या मेन बेअरिंगमध्ये अर्धा मिलिमीटर ढिलेपणा आला, किंवा एका बाजूनं स्टेटर (स्थिर भाग) तापून फुगला, की ज्या बाजूची फट कमी झाली तिकडची ओढ वाढते, त्यानं फट आणखी कमी होते. ही साखळी वेळीच थांबवायला प्रचंड ताठ सांगाडा लागतो. डायरेक्ट ड्राइव्ह जनरेटर जड होतो तो बऱ्याच अंशी या सांगाड्याच्या पोलादानं. मॅग्नेट आणि तांब्याला लोक उगाच दोष देतात.

मोठ्या टर्बाइनला हा प्रश्न आणखी छळतो. पात्याच्या टोकाचा वेग आवाजामुळे आणि झिजेमुळे फार वाढवता येत नाही. त्यामुळे रोटर मोठा केला की तो सावकाश फिरतो. शक्ती वाढते त्रिज्येच्या वर्गात, टॉर्क वाढतो घनात. डेन्मार्कच्या व्हेस्टास कंपनीचं व्ही२३६ हे १५ मेगावॉटचं यंत्र घ्या. टोकाचा वेग सेकंदाला ९४ मीटर धरला तर फेरे येतात मिनिटाला साडेसात-आठच्या घरात आणि टॉर्क जवळजवळ १ कोटी ९० लाख न्यूटन-मीटर. आपल्या ३ मेगावॉटच्या उदाहरणाशी ताडून पाहा: शक्ती पाचपट, टॉर्क दहापट. गिअरबॉक्स काढला म्हणून हा टॉर्क कुठे जात नाही. तो दातांवर घ्यायचा की एअर गॅपमध्ये, एवढंच आपल्या हातात असतं.

आता एकेक रचना. भारतात आज उभ्या राहणाऱ्या तीन मेगावॉट वर्गातल्या बहुतेक यंत्रांत तीन टप्प्यांचा गिअरबॉक्स आणि डबली-फेड इंडक्शन जनरेटर असतो. सुझलॉनचं एस१४४ त्यातलंच. यातली हुशारी अशी, की स्टेटर थेट ग्रिडला जोडलेला असतो आणि कन्व्हर्टर, म्हणजे विजेची वारंवारता बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, फक्त जनरेटरच्या रोटरच्या वायंडिंगला लावतात. वेग १५०० फेऱ्यांच्या वरखाली तीसेक टक्के बदलू द्यायचा असेल तर शक्तीचा तीसेक टक्केच भाग कन्व्हर्टरमधून जातो. ३ मेगावॉटला ९०० किलोवॉटचा कन्व्हर्टर पुरतो. पैशाच्या हिशेबात याला तोड नव्हती, आणि आमच्याकडे अजूनही फारशी नाही.

त्रास आहेतच. फिरत्या वायंडिंगला करंट पोहोचवायला स्लिप रिंग आणि कार्बन ब्रश लागतात. ब्रश झिजतात, त्यांची काळी भुकटी सगळीकडे बसते, आणि दमट हवेत तीच भुकटी इन्सुलेशनवरून करंटला वाट करून देते. ब्रशची पेटी उघडून साफ केल्यावर दोन दिवस नाकातून काळं येतं, हे कुठल्याही पुस्तकात नसतं. कन्व्हर्टरच्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि ते जनरेटरच्या बेअरिंगमधून ठिणग्यांनी उतरतं. उघडलेल्या बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे कड्यावर, धुण्याच्या फळीसारखे आडवे पट्टे दिसले की समजायचं, अर्थिंग ब्रश संपलाय किंवा इन्सुलेटेड बेअरिंगऐवजी साधं बसवलंय. शिवाय ग्रिडचे नियम कडक झाले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या दुरुस्तीनुसार ६६ किलोव्होल्ट आणि वरच्या जोडणीत व्होल्टेज नेहमीच्या १५ टक्क्यांपर्यंत कोसळलं तरी ३०० मिलीसेकंद यंत्रानं ग्रिड सोडायची नाही. स्टेटर थेट ग्रिडवर असल्यानं तो झटका जनरेटर, कपलिंग आणि गिअरच्या दातांपर्यंत जातो. सगळी शक्ती पेलणाऱ्या, पूर्ण क्षमतेच्या कन्व्हर्टरमागे बसलेल्या जनरेटरला तो जवळजवळ कळतही नाही. म्हणूनच काहींनी गिअरबॉक्स तसाच ठेवून साधा स्क्विरल केज जनरेटर (रोटरमध्ये वायंडिंगऐवजी पिंजऱ्यासारख्या दांड्या) आणि पूर्ण कन्व्हर्टर असा मार्ग धरला. सीमेन्सची जुनी २.३ आणि ३.६ मेगावॉटची यंत्रं अशी होती. ब्रश नाही, मॅग्नेट नाही, भानगड कमी. मला ती रचना मनापासून आवडायची.

गिअरबॉक्स नक्की कुठे मोडतो, हेही पाहायला हवं, कारण ‘गिअर खराब झाले’ असं आपण म्हणतो आणि दात बहुधा शाबूत असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं २००७ मध्ये गिअरबॉक्सच्या विश्वासार्हतेवर एक सामायिक उपक्रम सुरू केला. त्यांच्या नोंदींत तीन चतुर्थांशांच्या आसपास बिघाड बेअरिंगचे निघाले. त्यातलं सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे जनरेटरकडचा वेगानं फिरणारा हाय स्पीड शाफ्ट. मात्र ते बेअरिंग आणि तो शाफ्ट नॅसेलमधल्या, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या खोलीतल्या, छोट्या क्रेननं वरच्या वर बदलता येतो. दोन-तीन दिवसांचं काम. प्लॅनेटरी स्टेजला हात लावायचा तर अख्खा गिअरबॉक्स खाली. दुसरी गोष्ट, गिअरबॉक्सवर नुसता टॉर्क येत नाही. एकच मेन बेअरिंग आणि गिअरबॉक्सचे दोन हात अशा तीन बिंदूंवरच्या मांडणीत रोटरचं वाकवणारं बलही काही प्रमाणात गिअरबॉक्सच्या पोटात शिरतं आणि प्लॅनेट बेअरिंगवरचा भार असमान होतो. दोन मेन बेअरिंग दिले की शाफ्ट ते बल स्वतः झेलतो, गिअरबॉक्सला बऱ्यापैकी टॉर्कच मिळतो. नॅसेल थोडी लांब आणि जड होते, एवढंच. कुठल्या टर्बाइनचा गिअरबॉक्स किती टिकेल हे विचारायचं असेल तर मी आधी मेन बेअरिंग किती आणि कसले, हे विचारतो.

डायरेक्ट ड्राइव्हचा पाया व्यवहारात घातला एनरकॉन या जर्मन कंपनीनं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, ५०० किलोवॉटच्या ई-४० पासून. अंड्यासारखं गोल डोकं असलेली पवनचक्की दिसली की ती बहुधा यांची. नगरजवळच्या खांडक्याच्या डोंगरावरची ८०० किलोवॉटची यंत्रं याच घराण्यातली. यात परमनंट मॅग्नेट नव्हते. रोटरच्या ध्रुवांवर तांब्याचं वायंडिंग, त्याला डीसी करंट. चुंबकत्व हवं तेव्हा कमी-जास्त करता येतं, हवं तेव्हा बंद. पण प्रत्येक ध्रुवाला तांब्याची जागा द्यावी लागते, त्यात उष्णता होते आणि यंत्र अवजड होतं. त्यांच्या ई-१२६ मध्ये, ७.५ मेगावॉटला, जनरेटरचा व्यास १२ मीटरच्या घरात गेला. जमिनीवर, भरपूर तुकडे करून, मोठ्या क्रेननं ते बसवता आलं. त्याहून पुढे ती वाट अवघडच होती, आणि एनरकॉननंही ईपी५ मालिकेत परमनंट मॅग्नेट घेतले.

मॅग्नेट घेतले की ध्रुव पातळ होतात, ध्रुवांना द्यावा लागणारा करंट वाचतो, कमी वाऱ्यातली कार्यक्षमता सुधारते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या हेंक पोलिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३ मेगावॉटच्या पाच रचनांची तुलना केली. मी वर घेतलेला ९० मीटरचा रोटर आणि १५ फेरे त्यातलेच. वर्षाला सर्वांत जास्त वीज परमनंट मॅग्नेटच्या डायरेक्ट ड्राइव्हची आली. सर्वांत हलकी आणि स्वस्त तीन टप्प्यांच्या गिअरबॉक्सची डबली-फेड ठरली. आणि खर्चाच्या प्रमाणात वीज पाहिली तर पुढे आली एकाच टप्प्याच्या गिअरबॉक्सची डबली-फेड, जी बाजारात जवळजवळ कुणीच विकली नाही. तिचा जनरेटर कमी वेगाचा आणि मोठ्या व्यासाचा होतो, आणि असा डबली-फेड जनरेटर कुणाच्या कारखान्यात तयार मिळत नव्हता. कागदावरचा विजेता आणि बाजारातला विजेता वेगळे निघतात ते असे.

मॅग्नेटचा खरा प्रश्न दोन ठिकाणी आहे. डायरेक्ट ड्राइव्हला दर मेगावॉटमागे सहाशेएक किलो निओडिमियम मॅग्नेट लागतात, आणि तापमान सोसावं म्हणून त्यात डिस्प्रोसियम हा दुर्मिळ धातू मिसळावा लागतो. हा माल बहुतांशी चीनमधून येतो. २०१० मध्ये चीननं निर्यातीचा कोटा आवळला आणि २०११ पर्यंत भाव कित्येक पटींनी चढले. व्हेस्टासचं व्ही११२ आधी परमनंट मॅग्नेट जनरेटर घेऊन आलं होतं, ३.३ मेगावॉटच्या आवृत्तीत त्यांनी पुन्हा इंडक्शन जनरेटर बसवला. एप्रिल २०२५ मध्ये चीननं डिस्प्रोसियम, टर्बियम वगैरेंच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हा आपल्याकडच्या वाहन उद्योगाची धावपळ वर्तमानपत्रांत आलीच होती. पवनचक्कीवाले तोवर पोळून शहाणे झाले होते.

दुसरा प्रश्न देखभालीतला. मॅग्नेट बंद करता येत नाही. रोटर फिरतोय तोवर वायंडिंगमध्ये व्होल्टेज आहेच. आत शॉर्ट झाला तर ब्रेकर उघडून उपयोग नाही, रोटर थांबवावा लागतो. म्हणून अशा यंत्रात रोटर लॉकची पिन पूर्ण बसल्याशिवाय कुणालाही जनरेटरमध्ये हात घालू देत नाहीत. आणि लोखंडी पाना खिशात ठेवून मॅग्नेटजवळ वाकू नये. माझा एक पाना अजून तिथेच असेल.

तरीही समुद्रात डायरेक्ट ड्राइव्हनं जम बसवला. सीमेन्स गामेसाचं एसजी १४-२२२ आणि जीईचं हॅलिएड-एक्स दोन्ही तसेच. समुद्रात प्रत्येक फेरीला बोट लागते, मोठा भाग बदलायचा तर समुद्रतळाला पाय रोवून उभं राहणारं जहाज भाड्यानं घ्यावं लागतं, आणि लाटा उतरेपर्यंत वाट पाहावी लागते. फिरते भाग कमी म्हणजे फेऱ्या कमी, या हिशेबावर त्यांनी जास्तीचं वजन आणि मॅग्नेट पत्करले. वजनही त्यांनी आटोक्यात आणलं: एसजी १४-२२२ ची नॅसेल ५०० टनांची. पण सगळंच गोड नाही. तिथे रोटर ज्या एका प्रचंड मेन बेअरिंगवर बसतो ते बिघडलं तर पाती, हब, जनरेटर सगळं उतरवावं लागतं.

मधली वाट मला सध्या सर्वांत रंजक वाटते. मल्टिब्रिडच्या ५ मेगावॉटच्या एम५००० नं ती आधी दाखवली: एकच गिअर टप्पा, दहापटीच्या आसपास वेग, आणि मध्यम आकाराचा मॅग्नेट जनरेटर. २००४ मध्ये ब्रेमरहाफेनला पहिलं यंत्र उभं राहिलं, नंतर अल्फा व्हेंटुस या जर्मनीच्या पहिल्या सागरी प्रकल्पात सहा. व्हेस्टासनं व्ही१६४ मध्ये तीच दिशा धरली, पण जास्त प्लॅनेटरी टप्पे घेऊन जनरेटर काहीशे फेऱ्यांवर नेला. व्ही२३६ ही तसंच. गंमत म्हणजे डायरेक्ट ड्राइव्हवर वाढलेली चीनची गोल्डविंडही गेल्या काही वर्षांत मध्यम गतीची यंत्रं काढू लागली. कारण सरळ आहे. कुरकुर करणारा हाय स्पीड टप्पा जातो, मॅग्नेट डायरेक्ट ड्राइव्हच्या चौथाई-तिहाईवर येतात, नॅसेल आटोपशीर राहते. प्लॅनेटमध्ये रोलर बेअरिंगऐवजी तेलाच्या पातळ थरावर तरंगणारी जर्नल बेअरिंग आली, त्यानं उरलेली भीतीही थोडी कमी झाली. कमी जागेत जास्त भार, आणि रोलरच नाही तर रोलर तडकणार कसा? मात्र सुरू-बंद होताना तेलाचा थर तुटतो, तेवढं जपावं लागतं. तोटा असा की जनरेटर आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं घट्ट जोडलेले असतात. वरच्या वर दुरुस्ती किती करता येईल हे डिझायनरनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तुम्ही नंतर काही करू शकत नाही.

सुपरकंडक्टर आणि हायड्रॉलिकबद्दलही कुणीतरी विचारेलच. इकोस्विंग प्रकल्पात ३.६ मेगावॉटचा सुपरकंडक्टिंग जनरेटर २०१८ मध्ये डेन्मार्कच्या थायबोरॉनला खऱ्या टर्बाइनवर चालला. चालतो हे कळलं, विकत कुणी घेतला नाही. मित्सुबिशीचं ७ मेगावॉटचं हायड्रॉलिक ड्राइव्हचं यंत्र २०१५ मध्ये फुकुशिमाच्या समुद्रात तरंगत्या पायावर उभं केलं आणि २०२० मध्ये काढून टाकलं.

आता आपलं घर. आपला वारा युरोपच्या उत्तर किनाऱ्यासारखा नाही. तेवढ्याच मेगावॉटला आपण खूप मोठा रोटर लावतो: ३ मेगावॉटला ९० मीटर पूर्वी चालायचे, आता १४४. टोकाचा वेग तोच ठेवला तर फेरे १५ वरून ९.४ वर येतात आणि टॉर्क १९ लाखांवरून ३० लाख न्यूटन-मीटरवर जातो. मेगावॉट तेच, जनरेटरची खोली दीडपटीहून मोठी. त्यात आपले घाटरस्ते, वळणं, खाली लोंबणाऱ्या तारा. पाच-सहा मीटर व्यासाचं अखंड कडं पाटणच्या बाजूनं वर चढवून दाखवा म्हणावं. उलट गिअरबॉक्स बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारखाने तमिळनाडूत आहेत, फिटर आहेत, अनुभव आहे. पुण्याच्या सुझलॉननं तर २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स कंपनीच विकत घेतली होती. २०११ मध्ये ती जर्मनीच्या झेडएफ कंपनीकडे गेली, कोइम्बतूरच्या कारखान्यासकट. म्हणून जमिनीवर, आपल्या देशात, मला आजही दोन मेन बेअरिंगवर बसवलेला गिअरबॉक्सच योग्य वाटतो. जनरेटर डबली-फेड की पूर्ण कन्व्हर्टरचा, यावर भांडायला मी तयार आहे. गुजरात-तमिळनाडूच्या समुद्रात उभारणी सुरू होईल तेव्हा मी मध्यम गती घेईन.

प्रोजेक्टबद्दल: डायरेक्ट ड्राइव्ह जरूर घ्या, पण ९० मीटरच्या जुन्या उदाहरणाऐवजी १४४ मीटरच्या रोटरवर. आणि सॉफ्टवेअरमध्ये चुंबकीय क्षेत्राची रंगीत चित्रं काढून थांबू नका. ते काम इलेक्ट्रिकलवाले तुमच्यापेक्षा चांगलं करतील. तुम्ही मेकॅनिकलचे आहात. एअर गॅप एका बाजूला एक मिलिमीटरनं कमी झाली तर त्या बाजूची ओढ किती वाढते ते काढा, ती पेलून फट राखायला रोटर आणि स्टेटरचा सांगाडा किती ताठ लागेल ते काढा, मग त्याचं वजन. माझ्या अंदाजानं सांगाड्याचं पोलाद हे मॅग्नेट, तांबं आणि चुंबकीय लोखंड यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरेल. कमी भरलं तर मेन बेअरिंगचा ढिलेपणा किती धरलाय ते एकदा तपासा. बहुतेक शून्य धरलेला असेल.